सार्वजनिक कार्यक्रमांत राष्ट्रगीत ध्वनिमुद्रणावर लावावे की सर्वांनी मिळून गावे?

इंद्रायणीकाठ

नमस्कार. आमच्या गृहरचना संस्थेत दर वर्षी 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला ध्वजवंदन होते. झेंडा फडकला की कोणीतरी आपला मोबाईल ध्वनिक्षेपकाला जोडतो, राष्ट्रगीताचे ध्वनिमुद्रण सुरू होते आणि पुढची 52 सेकंदे बहुतेक सभासद ओठ मिटून सावधान स्थितीत उभे असतात. शिस्त असते, आदरही असतो, पण आवाज मात्र आमच्यापैकी कोणाचाच नसतो. राष्ट्रगीत आपण गावे, यंत्राकडून गाऊन घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे आणि ते मी व्यवस्थापन समितीपुढे मांडले.

समितीतील काही ज्येष्ठांचा याला विरोध आहे. सगळ्यांनी गायले की बेसूर होते, कोणी पुढे धावतो, कोणी मागे रेंगाळतो, शब्द चुकतात आणि त्यातून राष्ट्रगीताचा मान राहत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. हा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही. म्हणूनच विचारतो, ज्यांच्या गावात, शाळेत, कार्यालयात किंवा संस्थेत ध्वनिमुद्रणाशिवाय राष्ट्रगीत नीट गायले जाते, तिथे ते कसे साधले जाते? सुरुवात कोण करतो, पट्टी कशी ठरते, साथीला वाद्य असते का आणि शब्दांचे काय करता?

पारावरचा

आमच्या गावी ग्रामपंचायतीसमोर शाळेची मुले गातात आणि गाव त्यांच्या मागून गातो. ध्वनिमुद्रण लावावे असे आजवर कोणी सुचवलेले नाही. मुले पुढे असली की मोठ्या माणसांचा संकोच जातो, एवढे मात्र खरे.

सूरसंगत

मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत संगीत शिकवले, त्यामुळे बेसूरपणाच्या आक्षेपाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. समूहाने गायलेले राष्ट्रगीत बिघडते तेव्हा दोष बहुधा लोकांच्या गळ्याचा नसतो, सुरुवातीला धरलेल्या षड्जाचा, म्हणजे 'सा'चा असतो. या गीताची चाल मंद्र निषादापासून (खालच्या 'नी'पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या 'सा'पर्यंत) जाते, म्हणजे सात स्वरांच्या एका सप्तकाहून किंचित जास्त. पहिली ओळ मध्यमाच्या ('म'च्या) वर जात नाही, त्यामुळे सुरुवात करणाऱ्याला आपण बऱ्यापैकी उंच धरले आहे हे कळतच नाही. पुढे 'पंजाब' या शब्दाला चाल पंचमावर ('प'वर) चढते, तोपर्यंतही निभावते. अखेरचे 'जय हे, जय हे' आले की मात्र थेट तार षड्ज लावावा लागतो आणि तिथे सगळा समूह फुटतो. निम्मे लोक गप्प होतात, काही जण खालच्या सप्तकात उतरतात आणि उरलेले ओरडतात.

एखाद्या उत्साही मुलीने आपल्या सोयीने काळी चारच्या, म्हणजे पेटीच्या सप्तकातील चौथ्या काळ्या पट्टीच्या आसपास 'सा' धरून सुरुवात केली, की पुरुषांना शेवट गाठणे जवळजवळ अशक्य होते. स्त्री-पुरुषांच्या मिश्र समुदायासाठी पांढरी एक किंवा फार तर काळी एक ही पट्टी ठेवावी. फक्त लहान मुले असतील तर काळी दोनला हरकत नाही. पेटी असेल तर उत्तमच. ती नसेल तर मोबाईलवर तंबोऱ्याचा सूर लावून सुरुवात करणाऱ्याच्या कानात षड्ज पक्का बसवावा आणि मग तो बंद करावा.

लयीचे म्हणाल तर समूह स्वभावतः रेंगाळतो. 'बंग', 'गंगा', 'तरंग' या लांबवलेल्या शब्दांपाशी प्रत्येक जण आपल्या सवडीने श्वास घेतो आणि पुढच्या ओळीत उशिरा येतो. त्यावर उपाय एकच आहे. सुरुवात करणारे तिघे-चौघे असावेत, त्यांनी आदल्या संध्याकाळी एकत्र सराव करावा आणि श्वासाच्या जागा ठरवून घ्याव्यात. एवढे केले की बाकीचे लोक त्यांच्या मागे आपोआप येतात. ज्येष्ठांनी सांगितलेल्या अडचणी खऱ्याच आहेत, पण त्या अर्ध्या तासाच्या सरावाने सुटतात.

नादयंत्र

सूरसंगत सरांचा प्रतिसाद वाचून आनंद झाला. मी नाशिकला ध्वनिक्षेपणाचा व्यवसाय करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. समुदाय किती मोठा आहे आणि जागा कोणती आहे, हे पाहिल्याशिवाय 'ध्वनिमुद्रण नकोच' असे म्हणता येणार नाही. हवेत आवाज एका सेकंदात सुमारे 340 मीटर जातो. व्यासपीठापासून 100 मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाला पुढचा आवाज जवळजवळ पाव ते एकतृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येतो. तो त्या आवाजाबरोबर गातो आणि त्याचे गाणे व्यासपीठापर्यंत परत पोहोचायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. हजारो लोकांच्या मैदानात मागची मंडळी रेंगाळत आहेत असे वाटते, त्यात त्यांचा काही दोष नसतो. अशा ठिकाणी बँडचा किंवा ध्वनिमुद्रणाचा एकच भक्कम आधार हवा आणि कर्णेही अंतराचा हिशेब करून लावायला हवेत.

संस्थेच्या आवारात, शाळेच्या पटांगणात किंवा सभागृहात हा प्रश्न येत नाही. तिथे लोकांनी गावे हेच योग्य. आणि ध्वनिमुद्रण लावायचेच असेल तर ते आधी मोबाईलमध्ये उतरवून घ्यावे. इंटरनेटवरून थेट लावले की झेंडा फडकल्यावर सगळे सावधान उभे असताना पहिल्यांदा कसलीतरी जाहिरात सुरू होते. हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे आणि दर वेळी मनाला फार लागले आहे.

न्यायपथिक

नागपूरहून लिहितो, व्यवसायाने वकील आहे. या विषयावर केंद्रीय गृह मंत्रालयाचे आदेश उपलब्ध आहेत आणि आयोजकांनी ते एकदा तरी वाचायला हवेत. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे 52 सेकंद लागतात. पहिली आणि शेवटची ओळ मिळून होणारे संक्षिप्त रूप सुमारे 20 सेकंदांचे असते आणि ते ठरावीक प्रसंगांसाठीच राखलेले आहे. घाई आहे म्हणून नागरी कार्यक्रमात संक्षिप्त रूप लावणे चुकीचे आहे.

मूळ प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, ध्वजारोहणाच्या प्रसंगी आणि संचलनाखेरीज इतर समारंभांत राष्ट्रगीत समूहाने गायले जावे, असे हे आदेशच सांगतात. त्यासाठी पुरेशा संख्येचे गायकवृंद असावे, त्याला बँड वगैरेंशी मेळ घालून गाण्याचा सराव द्यावा, सर्व भागांतील लोकांना गायकवृंदाबरोबर गाता यावे अशी ध्वनिक्षेपणाची व्यवस्था करावी आणि आवश्यक तेथे छापील शब्द वाटावेत, अशा सूचना त्यांत आहेत. म्हणजे समितीतील ज्येष्ठांना ज्याची भीती वाटते त्याची तजवीज आदेशांतच केलेली आहे.

कायद्याबद्दलही अनेक गैरसमज दिसतात. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या 1971 च्या कायद्यातील तिसऱ्या कलमानुसार, राष्ट्रगीत गाण्यास हेतुपुरस्सर प्रतिबंध करणे किंवा ते गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणणे हा गुन्हा आहे. त्याला 3 वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. न गाणे हा त्यात गुन्हा ठरवलेला नाही.

मुळामुठा

मी थोडा वेगळा विचार मांडते. राष्ट्रगीत म्हणजे आधी चाल आणि मग शब्द, ही भूमिका खुद्द पंडित नेहरूंनी ऑगस्ट 1948 मध्ये घटना समितीच्या विधिमंडळ बैठकीत घेतली होती. परदेशी वाद्यवृंदांना आणि सैन्याच्या बँडना ते वाजवता यायला हवे, ही त्या वेळची निकड होती. त्यामुळे वाजवलेले राष्ट्रगीत कमी प्रतीचे आणि गायलेले श्रेष्ठ, अशी उतरंड लावू नये. उत्तम वाद्यवृंदाचे वादन ऐकत स्तब्ध उभे राहणे यातही पूर्ण आदर आहे. ज्यांना गाता येत नाही, ज्यांचा आवाज गेला आहे किंवा ज्यांना चारचौघांत गायला संकोच वाटतो, त्यांच्यावर आपण गाण्याचे ओझे टाकत आहोत का, याचाही विचार व्हावा.

ग्रंथपाल

मुळामुठा ताई, नेहरूंच्या निवेदनाचा संदर्भ बरोबर आहे, पण तो जगभरच्या औपचारिक प्रसंगी होणाऱ्या वादनाबद्दल होता. त्यानंतरचा एक प्रसंग पाहावा असे सुचवतो. 24 जानेवारी 1950 रोजी घटना समितीच्या शेवटच्या बैठकीत डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी अध्यक्षपदावरून निवेदन करून 'जन गण मन' हे राष्ट्रगीत ठरल्याचे जाहीर केले आणि 'वंदे मातरम्'ला समान मानाचे स्थान दिले. त्याच दिवशी, सदस्यांच्या सह्या झाल्यावर, पूर्णिमा बॅनर्जी आणि इतर सदस्यांनी सभागृहात 'जन गण मन' म्हटले आणि सगळे सभागृह उभे राहिले. मग लक्ष्मीकांत मैत्र आणि इतर सदस्यांनी 'वंदे मातरम्' म्हटले. पूर्णिमाजी सभागृहाच्या सदस्य होत्या. सदस्यांपैकीच एकीने सुरुवात केली आणि बाकीच्यांनी तिला साथ दिली. राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले गेल्यावर त्याचे पहिले गायन असे झाले, आणि आपल्या पटांगणांत हीच पद्धत चालावी असे मला मनापासून वाटते.

हे गीत पहिल्यांदा म्हटले गेले तेही एका मोठ्या सभेतच, 27 डिसेंबर 1911 रोजी काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात.

सातारकर_निवृत्त

सैन्यातून निवृत्त झालो आहे. गावे की वाजवावे यावर बरेच लिहून झाले, मी उभे राहण्याबद्दल लिहितो. पुष्कळ ठिकाणी पहिली ओळ निघून गेल्यावर लोक उठतात, कारण राष्ट्रगीत सुरू होणार असल्याची सूचनाच झालेली नसते. बँड असतो तेव्हा त्याची सोय असते. आधी ढोलाचा नाद होतो, तो संथ चालीच्या 7 पावलांइतका वेळ चालतो, हळू सुरू होऊन वाढत जातो आणि पुन्हा उतरतो, मग एका ठोक्याची विश्रांती आणि त्यानंतर राष्ट्रगीत. तेवढ्या वेळात प्रत्येक जण ताठ उभा राहतो, टोपी सरळ होते, हातातली वस्तू खाली ठेवली जाते.

नागरी कार्यक्रमात ढोल नसतो, म्हणून सूत्रसंचालकाने स्पष्ट शब्दांत सूचना द्यावी आणि नंतर निदान तीन-चार सेकंद थांबावे. शाळेत 'सावधान' झाल्यावर 'राष्ट्रगीत शुरू कर' असा आदेश मिळतो आणि मधल्या क्षणभरात पटांगण शांत होते. तो क्षणभराचा अवकाश मोठ्यांच्या कार्यक्रमात मिळतच नाही. टाचा जुळलेल्या, मुठी मिटून मांडीशी टेकवलेल्या आणि नजर समोर, एवढेच करायचे आहे. हातात मोबाईल धरून चित्रीकरण करणाऱ्याला यातले एकही करता येत नाही. चित्रीकरण हवेच असेल तर मोबाईल आधीच एखाद्या तिकाटण्यावर ठेवून द्यावा.

अबोली

सातारकर काका, शिस्तीबद्दलचे तुमचे सगळे म्हणणे मान्य आहे. त्यात एक भर घालते. माझी मुलगी व्हीलचेअर वापरते. एका कार्यक्रमात राष्ट्रगीत चालू असताना मागच्या रांगेतील एका गृहस्थांनी तिच्या खांद्यावर टिचकी मारून उभे राहण्याची खूण केली. ती त्या वेळी मान ताठ ठेवून, स्वच्छ आवाजात गात होती. ती मध्येच थांबली आणि पुढचे शब्द तिला म्हणताच आले नाहीत. व्यत्यय कोणी आणला, याचा विचार त्या गृहस्थांनी नंतर केला असेल अशी आशा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये दिव्यांगांना चित्रपटगृहात राष्ट्रगीतासाठी उभे राहण्याच्या बंधनातून वगळले होते. पण तसा आदेश नसता तरी शेजारच्याची परीक्षा घेण्याची ती वेळ नव्हे. ज्याला राष्ट्रगीताचा आदर आहे त्याची नजर समोर असते, हे काकांनीच वर लिहिले आहे. शिवाय ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी राष्ट्रगीत भारतीय सांकेतिक भाषेतही म्हटले जाते आणि 2017 साली त्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली आहे. संस्थेत अशी व्यक्ती असेल तर तिला पुढे उभे करून सर्वांबरोबर म्हणू द्यावे.

सातारकर_निवृत्त

अबोली ताई, तुमच्या लेकीला माझा सलाम सांगा. बसून मान ताठ ठेवणे हेच तिचे सावधान आहे.

दादरकर

चित्रपटगृहांचा विषय निघालेला नाही, म्हणून लिहितो. महाराष्ट्रात 2003 पासून चित्रपटाआधी राष्ट्रगीत लावले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या 30 नोव्हेंबर 2016 च्या अंतरिम आदेशाने ते देशभर सक्तीचे झाले आणि 9 जानेवारी 2018 रोजी न्यायालयाने ती सक्ती काढून ते ऐच्छिक केले. सक्ती असावी की नसावी यात मी शिरत नाही. माझे निरीक्षण वेगळे आहे. अंधारात, पडद्याकडे पाहत, मोठमोठ्या गायकांच्या किंवा वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणापुढे उभे राहून एका पिढीला राष्ट्रगीत ऐकण्याची सवय लागली. शाळेत दररोज खड्या आवाजात गाणारी मुले मोठी होऊन गप्प का होतात, याचे एक कारण मला यात दिसते.

कृष्णामाई

दादरकर, हे सरसकट खरे नाही. मी पुण्यातील एका चित्रपटगृहात पाहिले आहे की पुढच्या रांगेतील एका लहान मुलाने मोठ्याने म्हणायला सुरुवात केली आणि 'विंध्य हिमाचल' येईपर्यंत अर्धे प्रेक्षागृह गाऊ लागले होते. लोकांना गायचे असते, पण पहिला आवाज कोणी काढायचा एवढाच प्रश्न असतो.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहितो. अमेरिकेत क्रीडासामन्यांच्या सुरुवातीला बहुधा एकच नामवंत गायक किंवा गायिका तिथले राष्ट्रगीत गाते आणि प्रेक्षक छातीवर उजवा हात ठेवून ऐकतात. त्या चालीचा पल्ला दीड सप्तकाचा आहे, त्यामुळे सामान्य माणसाला ती पूर्ण पेलत नाही आणि गायक स्वतःच्या ताना-हरकती घेऊ लागले की बरोबर गाणे तर अशक्यच होते. सूरसंगत सरांनी सांगितलेला मंद्र निषाद ते तार षड्ज हा आपल्या राष्ट्रगीताचा पल्ला त्या तुलनेत किती सोयीचा आहे, हे इथे राहिल्यावर प्रकर्षाने जाणवते.

म्हणूनच एक काळजी वाटते. इथल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत अलीकडे भारताचे राष्ट्रगीतही एखाद्या गुणी गायिकेकडे सोपवले जाते आणि ती आलाप, मुरक्या घेत ते दीड-दोन मिनिटांपर्यंत नेते. गाणे सुंदर होते, पण सभागृह मूक होते. ए. आर. रहमान यांच्या 2000 सालच्या ध्वनिमुद्रणात पंडित भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर यांच्यासारख्या कलाकारांनी या गीताच्या ओळी गायल्या आहेत आणि त्या ऐकताना आजही अंगावर काटा येतो. मात्र ती ऐकण्याची कलाकृती आहे. समारंभात मूळ चाल, 52 सेकंदांच्या आसपासची लय आणि सर्वांचा आवाज, यात बदल करण्याचा अधिकार कोणत्याही गायकाला असू नये.

मांडवीतीर

हडसनकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. आमच्याकडे गोव्यात 19 डिसेंबरच्या मुक्तिदिनाला कोकणी, मराठी, कन्नड अशा वेगवेगळ्या घरांतील माणसे एकत्र गातात आणि उच्चार थोडेफार वेगळे होतात. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. चुकीचे शब्द मात्र सुधारायला हवेत. 'उच्छल'च्या जागी 'उज्ज्वल' आणि 'गाहे'च्या जागी 'गाये' हे मी मोठ्या पदांवरील व्यक्तींच्या तोंडूनही ऐकले आहे.

न्यायपथिक

मुळामुठा ताईंचा एक मुद्दा अनुत्तरित राहिला आहे. केरळमधील तीन शाळकरी मुले आपल्या धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नसत, मात्र ते चालू असताना आदराने उभी राहत. त्यांना शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये ती कारवाई रद्द केली आणि आदराने उभे राहणाऱ्याने गायले नाही म्हणून त्याने अनादर केला असे होत नाही, असा निर्वाळा दिला. तेव्हा गाण्याचे आवाहन जरूर करावे, सक्ती करू नये, आणि कोण गात नाही हे पाहत फिरू नये. अबोली ताईंच्या मुलीचा अनुभव याच वृत्तीतून आला आहे.

मुळामुठा

धन्यवाद. एवढी मोकळीक असेल तर माझा सामुदायिक गायनाला विरोध नाही.

इंद्रायणीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हा धागा छापून समितीपुढे ठेवला आणि गृह मंत्रालयाच्या आदेशांची प्रतही दिली. या 15 ऑगस्टला ध्वनिमुद्रण न लावता गायचे ठरले आहे. पहिल्या इमारतीतील एक आजी पेटी वाजवतात, त्या षड्ज देतील. सुरुवात करण्यासाठी दोन मुली, एक महाविद्यालयीन मुलगा आणि एक निवृत्त शिक्षक अशा चौघांनी नावे दिली आहेत. आता दोन शंका उरल्या. शब्दांचे कागद वाटले तर लोक खाली पाहून गातील, मग सावधान स्थिती कशी राहील? आणि राष्ट्रगीत संपताच टाळ्या वाजतात, त्या थांबवाव्यात का?

ग्रंथपाल

कागद दोन दिवस आधी घरोघरी द्यावेत. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत सुरुवातीच्या पानांवर राष्ट्रगीत छापलेले असते, त्यावरून मजकूर घ्यावा, म्हणजे शब्दांबद्दल वाद होणार नाही. शिवाय झेंड्याच्या खांबाजवळ, नजरेच्या उंचीवर मोठ्या अक्षरांतील फलक लावावा. मग मान खाली घालावी लागणार नाही.

सातारकर_निवृत्त

टाळ्या कलाकारासाठी असतात आणि इथे सगळेच गाणारे आहेत. शेवटच्या 'जय हे' नंतर दोन सेकंद कोणीही हलू नये. मग 'विश्राम' म्हणावे आणि जयघोष करायचा असेल तर त्यानंतर करावा. हे सूत्रसंचालकाने आधीच सांगून ठेवले तर लोक आनंदाने पाळतात.

सूरसंगत

आजींना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्या पेटीची पांढरी एक सुरात आहे ना, हे आदल्या दिवशी तपासून घ्या. जुन्या पेट्या पावसाळ्यात दमटपणामुळे सूर सोडतात. त्यांनी पूर्ण चाल वाजवण्याची गरज नाही. षड्ज-पंचम धरून ठेवला आणि पहिली ओळ एकदा हळू वाजवून दाखवली तरी पुरे.

नादयंत्र

चौघांना मिळून एकच माइक द्या, तो त्यांच्यापासून दोन हात लांब ठेवा आणि आवाज बेताचा ठेवा. माइक एकाच्या तोंडाशी गेला की पुन्हा एकट्याचेच गाणे ऐकू येते आणि बाकीचे सभासद गप्प होतात. कर्णे लोकांच्या पुढून लावा, पाठीमागून नकोत. पेटीला वेगळा माइक नको, चौघांना ती थेट ऐकू आली की झाले.